परत आलेला नारळ

जगात कशाचाच धक्का न बसणारी माणसं थोडीच असतात. माझी बाळकुमची मैत्रीण त्यांतली एक, आणि तिच्या वाट्याचे सगळे धक्के आर्किटेक्चरच्या कॉलेजात मी खाल्ले. आमचं टेबल एकच होतं. मी डोंबिवलीची, रिक्षावाल्याशी बोलायच्या आधीसुद्धा मनात वाक्य जुळवून घेणारी. ती ठाण्याच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या घरातली. या काठावरून त्या काठाला हाक मारायची तिच्या आवाजाला सवय, त्यामुळे लायब्ररीत ती कुजबुजली तरी वॉचमन आत डोकावायचा. खोटं तिला बोलताच येत नसे. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या सरांनी तिच्या मॉडेलचं कौतुक केलं, तर ही म्हणाली, "जिना हिने केलाय सर, मला जमत नव्हता." आणि कुठलंही पाणी दिसलं की ती त्यात बोट बुडवून चाखायची. तलावपाळीवर तिने पहिल्यांदा असं केलं तेव्हा मी घाबरून घरी आले आणि आईला विचारलं, यावर काही औषध असतं का गं? आई म्हणाली, "तिला काही होणार नाही. तूच दोन दिवस आजारी पडशील."

चौथ्या वर्षी आमच्या बारा जणांचा अभ्यासदौरा जपानमधल्या कोबे शहरात गेला. तिच्या घरची रीत अशी, की नव्या पाण्यावर गेलं की आधी त्याला नारळ द्यायचा, मग बाकीचं. निघताना तिच्या बाबांनी आमच्यासमोर जाहीर केलं होतं, "पोरीनं तिथल्या पान्याला नारल दिल्याबिगर मी होडी पान्यान घालनार नाय." घरून आणलेला नारळ विमानतळावरच गेला. कुणी विचारलं नव्हतं. हिनेच बॅग उघडून तो अधिकाऱ्यांना दाखवला, आणि त्यांनी नम्रपणे ठेवून घेतला. त्यामुळे परदेशातल्या पहिल्या दिवशी टेकडीवरची व्यापाऱ्यांची जुनी घरं बघायची सोडून आम्ही सगळे नारळ शोधत फिरलो. सर नकाशा हातात धरून "हेच का ते शिक्षण!" म्हणत मागे मागे. शेवटी एका सिंधी काकांच्या किराणा दुकानात नारळ मिळाला. काकांची मावशी विठ्ठलवाडी स्टेशनजवळ राहते हे कळल्यावर तर ही काउंटरच्या आतच जाऊन बसली. सरांनी तिला जवळजवळ ओढून बाहेर काढलं.

दुपारी बंदरावर पोचलो. तिने चपला काढल्या, हात जोडले, नारळ पाण्यात सोडला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच शेजारी गळ टाकून बसलेले एक आजोबा ताडकन उठले. त्यांच्याकडे लांब दांड्याची जाळी होती. त्यांनी धावत जाऊन नारळ अलगद उचलला, खिशातल्या रुमालाने पुसला, आणि कमरेत वाकून दोन्ही हातांनी तिला परत दिला. बिचाऱ्यांना वाटलं, पोरीच्या हातून पडला. आमच्यातल्या काहींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर जिला कधी धक्का बसत नाही तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"परत दिला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मला पुन्हा विचारावं लागलं.

"अगं, पाण्याने नाही, त्या आजोबांनी दिला," सर म्हणाले.

"हात कुणाचे पण असू देत, सर. परत आला ना!"

ती पन्नास पावलं लांब गेली आणि तिथून तिने नारळ सोडला. आजोबा तिथेही धावत आले. पुन्हा रुमाल, पुन्हा नमस्कार. आता मात्र ती धक्क्यावर फतकल मारून बसली. "बाबा होडी घालणार नाय," एवढंच म्हणत राहिली. सर घड्याळ बघायला लागले. मी हळूच सुचवलं, "वाहिला म्हणून सांग ना घरी." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मला आजही त्याची लाज वाटते. मग त्या लाजेपोटीच असेल, एकही वाक्य मनात न जुळवता मी आजोबांकडे गेले. तिच्या फोनमधला, होडीशेजारी उभ्या बाबांचा फोटो दाखवला, नारळाकडे बोट केलं आणि समुद्राकडे बघून हात जोडले. आजोबांनी फोटो बराच वेळ पाहिला. मग टोपी काढली. नारळ आपल्या जाळीत ठेवला, दांडा तिच्या हातात दिला, वर स्वतःचा हात धरला, आणि दोघांनी मिळून तो हळूहळू पाण्यात उतरवला. आजोबांनी तिथल्या देवळात करतात तशी दोनदा टाळी वाजवून मान लववली.

फोनवर तिने बाबांना सगळं सांगितलं, अगदी दोनदा परत आल्याचंही.

"तिसऱ्या खेपेला गेला ना?" बाबांनी विचारलं.

"गेला. त्या म्हाताऱ्यानं पन हात लावला."

"मंग झाला. तो बी पान्यावरचाच मानूस. पानी कसा हाय तिथला?"

तिने बोट आधीच बुडवलं होतं. "खारा. आपल्यासारखाच."

"जातो मंग, होडी घालतो," बाबा म्हणाले, आणि ती धक्क्यावर बसून मोठमोठ्याने रडली. आजूबाजूची जपानी माणसं चपापून बघत होती, आणि आमचे सर रुमाल शोधत होते.

गेल्या वर्षी बाबांनी होडी विकली. खाडीत जाळं टाकलं की माशांपेक्षा पिशव्याच जास्त येतात. नारळी पौर्णिमेला तिने मला बाळकुमला बोलावलं. बाबांनी तिच्या हातात दोन नारळ ठेवले. "ह्यो आपला, आन ह्यो त्या म्हाताऱ्याचा." तिने दोन्ही सोडले. ओहोटी लागली होती, ते भराभर लांब गेले. आम्ही तिघं बघत उभे होतो. काठावर कुणीच जाळी घेऊन धावलं नाही.

"आज कुणीतरी आणून दिला असता परत, तर चाललं असतं," ती म्हणाली.

मला खूप वाईट वाटलं. मी खाली वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं.