देल्मिरा मावशीचा वरचा सूर

माझ्या देल्मिरा मावशीचा आवाज अर्जेंटिनात ऐकला नाही असं घर सापडायचं नाही, पण तिला कुणी ओळखत नाही. रोसारिओत आमच्या भागात ती दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी बाई. तरुणपणी ती रेनाल्दो पान्युकोच्या रॉक बँडमध्ये कोरसला होती. त्याचं ‘उद्या नको’ तेव्हा फुटबॉलची मैदानं भरून लोक उभ्याने म्हणत.

आमचे लोक गायकाला एकट्याला गाऊ देत नाहीत. शब्द म्हणतातच, गिटारची धूनसुद्धा तोंडाने म्हणतात. फक्त एका जागी सगळं मैदान गप्प व्हायचं. कडव्याच्या शेवटी ‘नको’वर तो लांब, उंच सूर यायचा, तिथे. दिवे रेनाल्दोवर, त्याची मान मागे टाकलेली. सूर मात्र मावशीचा, ड्रमच्या मागच्या अंधारातून आलेला. रेनाल्दोला तो कधीच लागला नव्हता. हे बँडला ठाऊक होतं, आमच्या घरात ठाऊक होतं. मावशीने त्याचा कधी बोभाटा केला नाही.

साठी ओलांडल्यावर रेनाल्दो एकदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. मावशी येर्बाच्या पानांचा कडवट चहा वाळवलेल्या भोपळ्याच्या पेल्यात ओतत होती, आणि दोघं एकाच नळीने आळीपाळीने पीत होती. जुनी गाणी तो नव्याने बांधत होता. ड्रम नाही, विजेची गिटार नाही. एक साधी गिटार आणि ती दोघं, बसून. सुरुवात आमच्याच क्लबाच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये, रविवारी संध्याकाळी. ‘उद्या नको’ त्याने इतकं सावकाश केलं होतं की ते भांडणाचं गाणं आता आजारी माणसाजवळ बसून म्हटल्यासारखं वाटत होतं.

“तो सूर तेवढा तसाच ठेवू, देल्मी,” तो म्हणाला. “सगळं त्याच्यावरच उभं केलंय.”

“मग पडेल. तो सूर आता माझ्याकडे नाही.”

“चेष्टा करू नकोस.”

“दवाखान्यात ‘जरा थांबा हं’ म्हणण्यापुरता आवाज उरलाय, रेना. तेवढाच लागतो.”

तो चिडला. आधी सांगायचं होतंस, म्हणाला. मावशीने त्याला विचारलं, इतक्या वर्षांत तू विचारलंस कधी? मग भोपळा त्याच्यापुढे सरकवत ती शांतपणे म्हणाली, “तुझा गळा गेला तर लोक म्हणतील, वय झालं बिचाऱ्याचं. माझा गेला तरी तेच म्हणतील. तुझाच गेला, म्हणतील.”

रेनाल्दोने नळी तोंडात धरली, पण ओढली नाही.

तिला एवढंच हवं होतं, की लोकांसमोर आवाज फाटायला नको. त्याने पट्टी उतरवली, आणखी उतरवली, तरी तो सूर तिला लागेना. शेवटी ठरलं, ती जागा रिकामी सोडायची. लोक सगळं म्हणतात, तेही म्हणतील.

रविवारी हॉलच्या वरच्या खिडक्यांतून तिरकं ऊन येत होतं. घडीच्या खुर्च्यांवर टक्कल पडलेली, पोट सुटलेली माणसं बसली होती. मावशीने आपली खुर्ची सवयीने रेनाल्दोच्या जरा मागे घेतली होती. रेनाल्दोचा आवाज आता खाली, खरखरीत लागत होता. पहिल्या दोन गाण्यांत लोक जुन्या वेगाने पुढे धावले, मग दमले आणि त्याच्या चालीवर आले. ‘उद्या नको’चं कडवं सगळ्यांनी हळू आवाजात म्हटलं. आणि ती जागा आली तेव्हा सवयीने अख्खा हॉल गप्प झाला.

हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. लोक तो सूर ऐकायला थांबले होते. रेनाल्दोची मान अर्धवट मागे गेली आणि तिथेच राहिली. त्याची बोटं एकच तार पुन्हा पुन्हा छेडत होती. खुर्च्या कुरकुरल्या. पुढच्या रांगेतल्या एकाने खाली बघितलं, जसं आपण दुसऱ्याची फजिती बघायची टाळतो.

तेव्हा मावशीने तो ‘नको’ घेतला. अगदी खालून, बोलल्यासारखा. लांबवला नाही, श्वास पुरला तेवढाच.

“ही बाई कोण?” त्या माणसाने बायकोला विचारलं.

“गप्प बस,” ती म्हणाली. “तीच आहे ती. पहिल्यापासून.”

जुन्या रेकॉर्डवर त्या सुराच्या शेवटी आवाज किंचित घासल्यासारखा होतो. तो आताही तसाच होता, खाली उतरूनसुद्धा. रांगेरांगेने माना रेनाल्दोकडून तिच्याकडे वळल्या. त्याने ते पाहिलं. पुढच्या कडव्यात ती जागा आली तेव्हा त्याने मान मागे टाकली नाही, तिच्याकडे वळून वाट पाहिली.

कार्यक्रम संपल्यावर लोक तिच्याभोवती जमले, तेव्हा तिने त्यांना रेनाल्दोकडे पाठवलं. गिटार पेटीत ठेवताना तो म्हणाला, पुढच्या शनिवारी सांता फे शहरात बोलावलंय. मावशी पायातले बूट काढून टाचा चोळत होती.

“येईन,” ती म्हणाली. “पण मागे नाही बसणार. आणि ओरडणार नाही.”

“मला आता ओरडणं झेपतंय कुठे,” रेनाल्दो म्हणाला आणि तिच्या शेजारी टेकला.