जावईबापूंचं खोबरेल

अमरावतीहून निघायच्या आदल्या दिवशीच गाडीच्या पुढच्या डाव्या दाराचं हँडल घट्ट झालं होतं. "गॅरेजला दाखव," असं मी नवऱ्याला, सुधीरला, बजावलं. त्याने न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली आणली, हँडलच्या फटीत भरपूर ओतली आणि हात पुसत म्हणाला, "झालं काम."

प्रवास माझ्या आईसाठी होता. तिची धाकटी बहीण, बुऱ्हाणपूरच्या लालबागची कुसुममावशी, घर विकून मुलाकडे गुवाहाटीला कायमची चालली होती. तिची रेल्वे दुसऱ्या दिवशी सकाळची, तेव्हा स्टेशनवरच भेटायचं ठरलं होतं. या वयात पुन्हा भेट होईल, असं दोघींनाही वाटत नव्हतं.

मेळघाट ओलांडून संध्याकाळी बुऱ्हाणपूरच्या अलीकडे खकनारला मामेभाऊ गणेशकडे मुक्काम केला. घर केळीच्या बागेला लागून. रात्री थंडी अशी की गोधडीतून नाक बाहेर काढवेना. सकाळी बघतो तर हँडल जागचं हलेना, दार आतूनही उघडेना. आईचे गुडघे वाकत नाहीत. तिला त्याच सीटवर पाय लांब करून बसता येतं. गणेशकडे होती मोटरसायकल आणि ट्रॅक्टर.

गणेशने फटीत बोट फिरवून वास घेतला. "जिजाजी, खोबरेल टाकलं का? थंडीत तर जमून जातं ना ते!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिवाळ्यात हाच माणूस रोज बाटली उन्हात ठेवतो, तेल पातळ झाल्याशिवाय डोक्याला लावत नाही!

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" मी ओरडले.

तर गणेशची बायको मलाच दटावू लागली. "राहू द्या ना ताई, जावई आहेत. नाराज होऊन जातील."

आणि जावईबापूंपुढे तिने दराबा (रवा, तूप, साखर घोटून केलेली इथली मिठाई) ठेवला. त्यांनी तो खाल्लाही! ती बिचारी गरम पाण्यात फडकी पिळून हँडलला शेक देत होती, गणेश शिलाई मशीनचं तेल सोडत होता. बऱ्याच वेळाने दार खट्कन उघडलं.

लालबागच्या स्टेशनवर पोचलो तेव्हा प्लॅटफॉर्म रिकामा होता.

"गुवाहाटीवाली? अभी निकली, माताजी," चहावाला म्हणाला.

आई बाकावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

परतताना मावशीचा फोन आला. "गाडी सुटेपर्यंत दारात उभी होते गं. कुठे राहिलीस?"

आईने एकदा सुधीरकडे पाहिलं. जावयाचा कमीपणा कुणाला दिसू द्यायचा नाही, हे तिच्या अंगात मुरलेलं.

"मलाच उशीर झाला, कुसुम. गुडघे फार दुखत होते. माफ कर."

सुधीर गाडी चालवत राहिला. 'चूक माझी' एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून फुटले नाहीत. दार धरून ओरडावंसं वाटलं मला.

आता शेजारी विचारतात, बुऱ्हाणपूर कसं होतं? तो सांगतो, "थंडी फार होती." मी त्याच्याशी अजून बोलत नाही. आणि आई रोज मलाच समजावते, "बोल गं त्याच्याशी, त्याला वाईट वाटत असेल."