पेच्चियम्माचं पथ्य

मदुरैच्या फूलबाजारात पेच्चियम्माइतक्या झपाट्यानं मोगरा ओवणारी दुसरी बाई नव्हती. मग संधिवात आला आणि बोटं आखडली. दर शुक्रवारच्या एका गोळीवर ती पुन्हा कामाला लागली. मात्र त्या गोळीनं अंगातली रोगाशी लढायची ताकद कमी होते, साधा खोकलाही छातीत उतरतो, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. गेल्या साली कोविडमध्ये ती मरता मरता वाचली. आता लेक पांडीस्वरी बाळंतपणाला आली होती, म्हणून पेच्चियम्मा कोविडच्या लशीचा बूस्टर घ्यायला गेली.

तिचे सुजलेले हात पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी घेता ना?"

"लस घ्यायची म्हणून महिना झाला, सोडली. वांगं सोडलं, तेलाची आंघोळ सोडली, तशी गोळीपण. एका म्यानात दोन तलवारी राहतात होय?"

"कोणी सांगितलं सोडायला?"

"पथ्य कुणी सांगावं लागतं का, बाई?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "वांगं खुशाल सोडा. गोळी मला विचारून सोडायची. ती थांबवायची असते लस घेतल्यावर, दोन आठवडे, म्हणजे लस चांगली लागू पडते. तुम्ही आधीच करून बसलात. आज टोचलं तर आणखी दोन आठवडे गोळी नाही, दुखणं सोसवणार नाही. आधी गोळी सुरू करा, लस पुढच्या महिन्यात बघू."

पेच्चियम्माला स्वतःचाच भयंकर राग आला. पण रडत बसणं तिच्या रक्तात नव्हतं.

"पुढच्या महिन्यात बाळ माझ्या घरात असेल," ती म्हणाली. "माझा खोकला त्याला नको. दुखणं माझं आहे, मी बघते. टोचा."

ते दिवस वाईट गेले. तिला साडीची गाठसुद्धा मारता येईना. ओवायला बसली की फुलं मांडीवर सांडत. बाजारातल्या बाया म्हणाल्या, "राणीसाहेब सुट्टीवर दिसतात." ही म्हणाली, "हो, आणि तुमच्या माळा बघून झोप येत नाही."

गोळी पुन्हा सुरू झाली, पण तिचा गुण यायला वेळ लागतो. तेवढ्यात नात झाली. इथे बाळाला पहिली आंघोळ आजीच घालते, पसरलेल्या पायांवर पालथं घेऊन. पांडीस्वरीनं आईच्या बोटांकडे पाहिलं.

"अम्मा, या हातांनी नको. निसटेल ती. शेजारच्या आक्काला बोलावते."

पेच्चियम्मानं साडी गुडघ्यापर्यंत ओढली आणि मोरीत पाय लांब पसरून बसली.

"हात तुझे लाव, पाणीही तूच ओत," ती म्हणाली. "पण ती माझ्याच पायांवर न्हाईल. आण इकडे."