पावदादा लेकीला अंघोळ घालतो

समजा, तुमच्या डाव्या हातावर साडेतीन किलोचा जीव आहे. साबणाने बुळबुळीत झालाय, मान अजून धरत नाही, आणि कधी झटका देईल याचा नेम नाही. मोकळा काय तो उजवा हात. आता घाला त्याला अंघोळ! छातीत धस्स झालं ना? पावदादालाही झालं होतं.

पावदादा बेकरीत भट्टीवर काम करतो. अकरा वर्षं तापलेले पत्रे ओढून त्याचे तळवे इतके राठ झालेत की चुलीवरचं पातेलं तो फडक्याशिवाय उतरवतो. या तळव्यांचा त्याला भारी अभिमान. पण लेक तीन आठवड्यांची झाली आणि याच तळव्यांनी त्याला तोंडावर पाडलं.

झालं असं. बायकोचं बाळंतपण ऑपरेशनने झालेलं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यामुळे बाळाची अंघोळ पावदादाच्या थोरल्या बहिणीकडे होती. पण ताईची रजा रविवारी संपत होती. गुरुवारी पावदादा मोठ्या हौसेने म्हणाला, "आज मी घालतो." टबात पाणी ओतलं, तळहात बुडवला. "मस्त कोमट आहे. आण तिला."

ताईने सवयीने कोपर बुडवलं आणि झटकन बाहेर काढलं.

"हे कोमट? अरे, यात बटाटे उकडतील! हात आहेत की सांडशी?"

"मला खरंच गरम नाही लागलं गं."

"तेच तर! तू आपले पाव भाज."

 बायकोने बाळाला फक्त जरा जास्त जवळ घेतलं. ताईच्या टोमण्यापेक्षा पावदादाला ते लागलं. सोमवारपासून शेजारच्या काकूंना बोलवायचं, हेही दोघींनी परस्पर ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी बेकरीत तो खमिरासाठी पाणी काढत होता. खमीर म्हणजे जिवंत माल. पाणी गार असलं तर सुस्त पडतं, कढत असलं तर मरतं. म्हणून तिथे हात बुडवून अंदाज घ्यायची कुणाची टाप नाही. थर्मामीटर लावायचा, मगच पाणी ओतायचं. पावदादा थर्मामीटर हातात धरून तसाच उभा राहिला.

"काय रे, झोप लागली का उभ्याउभ्या?" बेकरीतला मुख्य कारागीर, उस्ताद, ओरडला.

"उस्ताद, पिठाला मोजून पाणी देतो मी. आणि पोटच्या पोरीला अंदाजाने द्यायला निघालो होतो."

"मग तिलाही मोजून दे की, शहाण्या!"

संध्याकाळी त्याने औषधांच्या दुकानातून अंघोळीच्या पाण्याचा नवा थर्मामीटर आणला. शनिवारी दवाखान्यात जाऊन नर्सबाईंना गाठलं. त्यांनी सगळं सांगितलं. आधी गार पाणी, मग गरम, आणि ढवळून मोजायचं. सदतीस अंश. पाणी चार बोटं पुरे. बाळाची मान आपल्या मनगटावर, आणि तिचा पलीकडचा दंड मुठीत. "आणि काहीही होवो, हात सुटता कामा नये. टॉवेल विसरलात, तर बाळाला उचलून टॉवेल आणायला जायचं."

"आणि कोपर, बाई?"

"तेही बुडवा. भट्टीने तेवढं तरी सोडलंय ना?"

मग बेकरीत सराव. टाकाऊ मैद्याचा साडेतीन किलोचा गोळा पिशवीत घालून, वरून तेल चोळून, पावदादा तो मनगटावर तोलत होता. पहिल्यांदा गोळा धपकन पडला. "गेला बिचारा," उस्ताद म्हणाला, "बारसंही झालं नव्हतं." चौदाव्या वेळी मात्र तो जागचा हलला नाही.

रविवारी पावदादाने पंखा बंद केला, खिडकी लावली, नखं कापली, अंगठी काढली. टॉवेल, कपडे, साबण सगळं हाताच्या टप्प्यात. थर्मामीटर सदतीसवर आला. त्याने कोपर बुडवलं, ताईने बुडवलं.

"बरं आहे," ताई म्हणाली. पण ती हटली नाही, टबाशी राखण करत बसली.

आधी नुसत्या ओल्या कापडाने डोळे, चेहरा. मग पाय, मग पाठ, हळूहळू पाण्यात. मानेच्या वळीत दूध साचून दह्यासारखं झालं होतं, तेही त्याने बोटाने अलगद काढलं. तेवढ्यात फोन वाजला आणि बाळ दचकलं. दोन्ही हात फेकले, अख्खं अंग ताणलं. ताईचा हात पुढे आला. पण दंड पावदादाच्या मुठीत होता. पोर तसूभरही सरकली नाही.

फोन वाजतच राहिला. शेवटी ताईने उचलला. "उस्ताद, तो अंघोळीत आहे... नाही हो, पोरीच्या!"

सहाव्या मिनिटाला बाळ टॉवेलमध्ये होतं. बायको पलंगावरून म्हणाली, "काकूंना सांगा, यायची गरज नाही म्हणून." पावदादाची छाती भट्टीतल्या पावासारखी टम्म फुगली.

ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "जिंकलास रे!"

बाळ मात्र टॉवेलमध्ये जीव खाऊन किंचाळत होतं.

"गार लागत असेल," ताई म्हणाली.

"खोली उबदार, टॉवेल शेकलेला, अंग कोरडं. गार कुठून लागणार?" पावदादाने तिला छातीशी धरलं. नर्सबाईंना आता हेच विचारायचं होतं: पाण्यात घालताना हूं की चूं न करणारी ही पोर, पाण्यातून काढलं की घर डोक्यावर का घेते?