बापूकाका काय म्हणाले होते

घरात हे कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुमच्यापाशी बोलते आहे — पण कुठून सुरू करू?

आसेगावचे बापूकाका आमचे शेजारी. बाबा गेले तेव्हा मी लहान होते. काकांनीच मला पोरीसारखं वाढवलं. एका फाल्गुनात गारपीट झाली आणि गारांच्या माराने काकू शेतातच गेल्या. त्याआधी कृत्रिम पावसासाठी विमान फिरून गेलं होतं, असं गावात बोललं जाई. खरं-खोटं सांगायला कुणीच आलं नाही.

मी शिकले, एका संस्थेत दुभाषी झाले. सूर्याची धग कमी करायला आभाळात खूप उंचावर बारीक कण फवारायचे, अशी एक कल्पना निघाली होती. तसं करू द्यायचं का, आणि ते ठरवायचं कोणी — यावर देशोदेशींची बैठक होणार होती. तिथे मांडायला खेड्यांतली मतं हवी होती. परदेशी पाहुण्यांना घेऊन मी आसेगावलाच गेले.

सभेत बापूकाका उभे राहिले.

"माही बायको गारीनं गेली. इमानानं झालं का नाई, मले ठाऊक नाई. पन आभायात कोनी हात घातला अन् खाली मानूस मेलं, तं इचारायचं कोनाले? तेवढं सांगा."

पाहुण्यांपैकी एका बाईने माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी काय सांगितलं? "पाऊस वेळेवर आला तर बरं होईल, असं म्हणताहेत."

का केलं? संस्थेच्या साहेबांनी बजावलं होतं, आशेचं बोलणं हवं, रडगाणं नको. आणि मला त्या बैठकीला जायचं होतं. बस, एवढंच.

पाहुणी हसली, तिने मान डोलावली. काकांना वाटलं, पोचलं तिला. त्यांनी हात जोडले. ते जोडलेले हात मी पाहिले — आणि पुढच्या माणसाकडे वळले.

बैठकीत एका बेटावरच्या बाईंनी विचारलं, एका देशाने आभाळात ढवळाढवळ केली आणि दुसरीकडे माणसं मेली, तर जबाबदार कोण? लोकांनी हे विचारलंय का कुठे? साहेब म्हणाले, आम्ही गेलो त्या गावांत तरी नाही. मी त्यांच्या मागेच बसले होते. हात वर करता आला असता. मुद्दा बाजूला पडला. मी बोलले असते तर राहिला असता का? कोण जाणे. मी बोललेच नाही.

गावी गेले की काका विचारायचे, "काय म्हने मंग ते लोकं?"

"इचार करून राह्यले, काका." — त्यांच्याच बोलीत मी त्यांना खोटं सांगायचे. आणि ते वाट पाहायचे. वर्षानुवर्षं.

गेल्या हिवाळ्यात ते वाशीमच्या दवाखान्यात होते. मी भेटायला गेले, तर शेजारच्या खाटेवरच्या माणसाला म्हणाले, "हे माही पोरगी. माहं बोलनं साऱ्या जगाले सांगतलं हिनं."

त्या माणसाने कौतुकाने विचारलं, "खरं काय, बाई?"

काका माझ्याकडेच पाहत होते.

मी हो म्हणाले. दोन दिवसांनी काका गेले.