पाणी भरायचं ताई आल्यावर

ताईचं लग्न झालं आणि आमच्या दोघींचा कॉम्प्युटर माझ्या एकटीचा झाला. त्याच्यासमोर कुणी बसायचं यावरून आम्ही रोज भांडायचो. आता भांडायला कुणी नव्हतं, तर मीच त्या खुर्चीवर बसायचं टाळायला लागले होते.

नाशिकच्या सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं आणि स्वयंपाकघराचं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली. बाबा अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर होते. रात्रपाळी करून आले की दिवसा आत झोपायचे, आणि आमच्या कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावायचा की ते आतून ओरडायचे, "ती गिरणी बंद करा गं!"

ताईनं कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये अ‍ॅनिमेशनचा कोर्स केला होता. कोर्ससाठी ती कॉम्प्युटरवर एक घर बांधत होती. भिंती, जिना, गच्ची, खिडकीतून येणारं ऊन, सगळं. पण त्या घराचं एक चित्र पुरं व्हायला मशीन तासन्‌तास चालू ठेवावं लागे, आणि उन्हाळा लागला की ते मधेच गरम होऊन बंद पडे. आम्ही कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावून पाहिला. त्यानं आत फक्त धूळ साठली.

एकदा सायबर कॅफेत तिनं मला जवळ बोलावलं. स्क्रीनवर एक फोटो अगदी सावकाश, वरून खाली उघडत होता. कॅबिनेटच्या आत पारदर्शक नळ्या आणि त्यात निळं पाणी.

"गाडीच्या इंजिनासारखं आहे बघ," ती म्हणाली. "पाणी प्रोसेसरवरून फिरवायचं, तापलं की रेडिएटरमधून गार करायचं. पंख्याची कटकटच नाही."

"विजेच्या वस्तूत पाणी?"

"नळीच्या आत असतं गं."

"आणि नळी सुटली तर?"

"तर आई आपल्याला घरात ठेवणार नाही."

त्या दिवशी आम्ही ठरवलं, हे करायचंच. मग थंडीत तिचं लग्न ठरलं आणि झालंही. सासर सटाण्याचं, कांद्याच्या व्यापारातलं मोठं एकत्र कुटुंब. माणसं चांगली होती. फोन मात्र बैठकीच्या खोलीत, तिथे सगळ्यांचा राबता. ताई फोनवर आली की दोनच वाक्यं बोलायची, "हो, बरी आहे. तुम्ही कसे आहात?" लग्नाआधी दिवसभर माझं डोकं खाणारी माझी बहीण.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. होळीनंतर एका रविवारी तिच्या कपाटात माझे कपडे लावत असताना मला एकदम वाटलं, ते पाण्याचं काम सुरू करावं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, ती माहेरी येणार होती. आमची आई देवळ्याकडची, त्यामुळे आखाजीला लेक घरी आलीच पाहिजे, हे आमच्याकडे दिवाळीपेक्षा पक्कं होतं.

रेडिएटर मला द्वारका चौकाच्या पुढे गाड्यांच्या भंगारात मिळाला. जुन्या गाडीच्या हीटरचा, वहीएवढा. त्यातून गंजाचं लाल पाणी निघत होतं. व्हिनेगर घालून मी तो पुन्हापुन्हा धुतला. पंप माशांच्या दुकानातून आणला, पाण्यात बुडवून ठेवायचा असतो तसला. नळ्याही तिथल्याच. टाकी म्हणून आईची लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घेतली. झाकणाला भोकं पाडलेली तिनं पाहिली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "कैऱ्या आल्यावर लोणचं काय तुझ्या डोक्यात घालू?"

अडलं ते तांब्याच्या ठोकळ्यापाशी. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी खेळवणारा ठोकळा नाशकात कुठं विकत मिळत नव्हता. मी बाबांना कागदावर काढून दाखवला.

"कॉम्प्युटरला पाणी पाजणार? डोकं फिरलंय का?" ते म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

ताईच्या लग्नानंतर बाबा बोलायचे कमी झाले होते. मी विषय सोडून दिला. पण काही दिवसांनी ते पाळीवरून आले आणि डब्याच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे ठेवलं. तांब्याचा ठोकळा होता. आत नागमोडी चर, वर झाकण, नळीसाठी दोन तोट्या. खालची बाजू इतकी घासलेली की तिच्यात माझं नाक दिसत होतं.

"ती आल्यावरच लावणार ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. खरं तर त्या संध्याकाळीच सगळं जोडून होत होतं. पण त्यानंतर मी काहीच केलं नाही. नळ्या कापून ठेवल्या, त्या आवळायच्या लोखंडी पट्ट्या आणून ठेवल्या, बॅटरीवाल्याकडून शुद्ध पाण्याचा कॅन आणून पलंगाखाली सरकवला, आणि वाट पाहायला लागले. कॉलेजातून आले की एकदा तो ठोकळा हातात घेऊन बघायचा आणि परत फडक्यात ठेवायचा.

आखाजीच्या आदल्या दिवशी ताई आली. काचेच्या बांगड्या, डोक्यावर पदर. दारातच आईच्या गळ्यात पडली, चहा प्यायली आणि झोपली. संध्याकाळी उठली, जेवली, पुन्हा झोपली. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी आणि आमरस झाला, शेजारच्या बायका भेटून गेल्या, आणि ती परत आडवी झाली. मी सगळं सामान खिडकीखाली मांडून ठेवलं होतं. तिचं तिकडे लक्षही गेलं नव्हतं.

"तिकडे पहाटे उठावं लागतं," आई हळूच म्हणाली. "झोपू दे तिला."

मला रडू आलं. मी गच्चीवर जाऊन बसले. ऊन इतकं होतं की फार वेळ बसवेना. खाली आले तर ताई फरशीवर मांडी घालून बसली होती, पदर कमरेला खोचलेला, रेडिएटर डोळ्यांजवळ धरून जाळीतून उजेड बघत होती.

"हा कुठं मिळाला?"

"भंगारात."

"शाणे! आणि हे बाबांनी केलं?" तिनं ठोकळ्यावरून अंगठा फिरवला. "मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"फोनवर तू बोलतेस कुठं?"

तिनं रेडिएटर खाली ठेवला. मग म्हणाली, "दे, पक्कड दे इकडे."

दुपारभर आम्ही ते जोडलं. ठोकळा प्रोसेसरवर बसवला, नळ्या मागच्या फटीतून बाहेर काढल्या, रेडिएटर तारेनं कॅबिनेटच्या पाठीला बांधला. कॉम्प्युटर बंद ठेवून आधी नुसता पंप चालवायचा, गळती नाही याची खात्री करायची, हे तिला आठवत होतं. प्रत्येक सांध्याखाली तिनं कागदी रुमाल ठेवले. मी बरणीत पाणी ओतलं, पंप लावला. पाणी नळीतून अर्ध्यापर्यंत गेलं आणि अडकलं. आत हवेचा मोठा बुडबुडा.

"उचल," ताई म्हणाली. "आडवं कर. आता माझ्याकडे झुकव."

दोघींनी कॅबिनेट दोन बाजूंनी धरून झुलवलं. बुडबुडा पुढे सरके, परत मागे येई. आईनं स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. "अंगाई पण म्हणा आता," ती म्हणाली. आम्ही इतक्या हसलो की माझ्या हातून कॅबिनेट सुटता सुटता राहिलं. तेवढ्यात बुडबुडा गुडगुड करत बरणीत निघून गेला आणि पाणी फिरायला लागलं.

एका सांध्याखालचा रुमाल ओला झाला. बाबा उठून आले होते. त्यांनी टॉर्च धरला, ताईनं पट्टी आवळली. रुमाल बदलला. तो कोरडाच राहिला. अंधार पडेपर्यंत आम्ही पंप तसाच चालू ठेवला. मग ताईनंच कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

खोलीत आवाजच नव्हता. म्हणजे पंप बारीक गुणगुणत होता, पण ती गिरणी नव्हती. ताईनं तापमान पाहिलं आणि माझ्या पाठीत जोरात थाप मारली. मग तिनं तिचं घर उघडलं. महिनोन्‌महिने कुणी त्याला हात लावला नव्हता. चित्र पुरं करायला लावून आम्ही पलंगाला टेकून बसलो.

"तिथं त्रास नाही गं," ती म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "सासूबाई मायाळू आहेत. जेवलीस का, झोपलीस का, सगळे विचारतात. पण 'आत्ता काय बनवतेस' असं विचारलं, की ते भाजीबद्दल असतं."

दुसऱ्या दिवशी भावोजी न्यायला आले.

त्यानंतर फोनवर आमची दोन वाक्यांची चार झाली. "किती आहे?" ती मशीनचं तापमान विचारायची. "अठ्ठेचाळीस," मी सांगायची. एकदा तिच्या सासूबाईंनी मधेच फोन घेतला, घरात कुणी आजारी आहे असं वाटून काळजीनं विचारलं, "कोनले ताप शे, पोरी?" मागे ताई हसत असलेली मला ऐकू आली. ते हसू ऐकायला मिळावं म्हणून मी पुढे कारण नसतानाही आकडे सांगायला फोन करायची.

ते मशीन मी पदवी घेईपर्यंत चाललं. नळ्या पिवळ्या पडल्या, एकदा पंप बदलावा लागला. ताईचं घर त्यावर पुरं झालं, पण ते तिनं निवांत बसून कधी पाहिलं नाही. पुढच्या आखाजीला तिच्या कडेवर बाळ होतं. त्याच्या पुढच्या वर्षी ती आलीच नाही, घरात दुसरं लग्न होतं. मला पुण्यात नोकरी लागली तेव्हा बाबांनी आणि मी मोरीत बसून त्यातलं पाणी काढलं. ठोकळा आतून काळपट झाला होता. बाबांनी तो चिंचेनं घासला.

आता आम्ही वर्षातून तीन-चारदा भेटतो. लग्नकार्यात, बारशाला, तिच्याकडे किंवा माझ्याकडे. ती छान आहे, सासरच्या कामाचा व्याप तीच सांभाळते. बोलतोही पुष्कळ, पण नेहमी कुणी ना कुणी मध्ये असतं. निघताना गाडीत बसल्यावर मला दर वेळी वाटतं, उतरावं, परत आत जावं आणि तिला म्हणावं, चल, काहीतरी उघडून बसू या. मग भावोजी हात हलवतात, मीही हलवते, आणि गाडी सुरू होते.