पेजेचा डबा आणि निळा सिलिंडर

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही मला खुर्चीत बसवत नाही. उठून फेऱ्या मारू लागतो.

तेव्हा मी डहाणूला तपास अधिकारी होतो. एका खाजगी रुग्णालयातून खबर आली की भाजलेल्या रुग्णाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी रोज घटताहेत, कारण सापडत नाही, विषप्रयोगाचा संशय आहे. रुग्ण तलासरीकडच्या डोंगराळ गावातला, भाताच्या पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजताना होरपळलेला. त्याच्या भावाने सरळ वहिनीकडे बोट दाखवलं. ती चिखल्याला बहिणीकडे राहून रोज नाचणीची पेज आणायची, स्वतःच भरवायची, डब्याला कुणाला हात लावू द्यायची नाही आणि लगेच तो घासून टाकायची. मला तेवढं पुरलं.

पेजेचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवला आणि तिला वॉर्डात जायला बंदी केली. रोज सकाळी ठाण्यात बोलवायचं, महिला अंमलदारासमोर तेच प्रश्न उलटसुलट विचारायचे, दिवस मावळायच्या आत सोडायचं. डबा स्वच्छ ठेवायला नर्सबाईनेच सांगितलं, एवढंच ती म्हणायची. मी ते जबाबात लिहून घेतलं, पण नर्सला विचारायची तसदी घेतली नाही.

चौथ्या दिवशी रुग्णालयात फोन केला. पेशी आणखी उतरल्या होत्या. बाई तर माझ्यासमोर बाकावर बसून होती. तसाच जीप काढून निघालो.

केसपेपरवरची औषधं पुन्हा तपासली, त्यात काही वावगं नव्हतं. तेवढ्यात एक मदतनीस ड्रेसिंगच्या खोलीतून निळा सिलिंडर ढकलत बाहेर आला. हे कुठे लिहिता, मी विचारलं.

"दुखू नये म्हणून हुंगवायचा गॅस आहे, साहेब. हा सिलिंडरच्या वहीत लिहितो. पेशंटच्या कागदावर कशाला? गॅस म्हणजे औषध थोडंच?"

वही उघडली. दोन आठवडे, दिवसातून दोनदा, तोच रुग्ण. डॉक्टरांनी वहीतल्या तारखा रक्ताच्या तपासण्यांशी जुळवून पाहिल्या. मग त्यांनीच समजावलं. भूल देण्याचा हा गॅस वरचेवर दिला, तर शरीरातलं बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व निकामी होतं आणि हाडांच्या मगजात नवं रक्त नीट तयार होत नाही. धडधाकट माणूस एखाद्या वेळी सोसतो. इतका आजारी माणूस कोसळतो.

गॅस बंद झाला, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं सुरू झाली. आठवडाभरात पेशी वर सरकू लागल्या. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही आला. पेजेत विष नव्हतं.

पण गॅसचा उलगडा झाला त्याच दिवशी ठाण्यात परतून मी तिला वॉर्डात जायला सांगितलं होतं. ती बाकावरून उठली नाही.

"आधी तुम्ही चला, साहेब. मी टाकून गेली असं त्याला वाटतंय. त्याच्या भावानं तसंच सांगितलंय. मी सांगितलेलं त्याला खरं वाटायचं नाही."

शरीरात काय गेलं याचा शोध घेताना मी फक्त तोंडाकडे पाहिलं होतं, नाकाकडे नाही, आणि संशय घ्यायला जी सोपी सापडली तिच्यावर घेतला होता. तेव्हापासून कुणावरही संशय घेण्याआधी मी सगळ्या वह्या मागवू लागलो.

त्या संध्याकाळी तिला घेऊन मी त्याच्या खाटेजवळ उभा राहिलो, टोपी काढली आणि म्हणालो, "ती कुठे गेली नव्हती. मीच तिला अडवून ठेवलं होतं." त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पट्ट्यांत गुंडाळलेला हात त्याने तिला बसायला जागा व्हावी म्हणून जरासा बाजूला सरकवला.